१९९८ ची टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर: दोघांनी १४ महिने खपून उभी केली, वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

बरेच जण विचारतायत, गाडी कशी आहे, खर्च किती आला, आम्हीपण घ्यावी का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

गाडी आहे १९९८ ची बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर, डिझेल, एमएच १० पासिंग, म्हणजे सांगलीची. किर्लोस्करवाडीजवळच्या एका गावात एक निवृत्त काका आहेत, आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, त्यांनी २००४ साली ही गाडी सेकंडहँड घेऊन मागच्या सीटा काढल्या आणि स्वतःच्या हातानं आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, देवाची फळी असं सगळं बसवलं, म्हणजे गाडीतच राहता येईल अशी कॅम्पर केली. काका आणि काकू दोघं मिळून या गाडीतून पंढरपूर, तुळजापूर, काशी, नर्मदा परिक्रमा असं सगळं फिरले. पडदे काकूंनी घरच्या मशिनवर शिवलेले, इचलकरंजीच्या सुती कापडाचे, आणि ते अजून धड होते हो! नंतर काकूंचे गुडघे गेले, गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी राहिली. शेड म्हणजे वर पत्रे, तीन बाजू उघड्या. सहा पावसाळे.

आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये १ लाख ८५ हजाराला घेतली. काकांनी त्याच उन्हाळ्यात री-रजिस्ट्रेशन करून ठेवलेलं, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं ते, त्यामुळे कागद स्वच्छ होते. जुनी गाडी बघताना इंजिनच्या आधी कागद बघा एवढं माझं ऐका, इंजिन दुरुस्त होतं पण अडकलेले कागद सोडवताना वर्षं जातात.

आता मुद्द्याचं. या सगळ्या प्रकरणातून आम्ही एकच गोष्ट शिकलो आणि पुढचं सगळं तिच्याचभोवती आहे: आधी पाणी थांबवा, मग पत्रा करा, मग वायरी, आणि पलंग-पडदे-लाईट हे सगळ्यात शेवटी. आम्ही हे उलटं केलं आणि त्याचे पैसे भरले.

पहिल्यांदा इंजिनबद्दल सांगते कारण तेच या गाडीचं खरं बळ आहे. ही ट्रॅव्हलर मूळची मर्सिडीजच्या टी१ व्हॅनवर आधारलेली, १९८७ मध्ये आपल्याकडे आली, आणि आमच्या गाडीत बसलंय ते ओएम ६१६, २३९९ सीसी, चार सिलेंडरचं डिझेल इंजिन, मर्सिडीजच्या लायसन्सखाली इथे बनलेलं. मर्सिडीजच्या २४० डी नावाच्या कारमध्ये हेच घराणं होतं, जगभर टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळालेलं. मॅटाडोर, ट्रॅक्स, ट्रॅव्हलर सगळ्यांत ते बसलं म्हणून स्पेअरचा त्रास नाही, पुण्याच्या नाना पेठेत गेलात की गॅस्केटपासून हीटर प्लगपर्यंत (थंड इंजिन सुरू करताना आतून गरम करतो तो) बहुतेक सगळं त्याच दिवशी हातात येतं. (आणि जाता जाता, आपण कुठल्याही मालाच्या गाडीला टेम्पो म्हणतो ना, तो शब्द हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीचा. १९५८ पासून बजाज टेम्पोनं त्यांच्या तीनचाकी गाड्या इथे बनवल्या आणि कंपनीचं नाव मराठी शब्द होऊन बसलं. मला हे कळलं तेव्हा फार आवडलं होतं.)

सहा वर्षं बंद असलेलं इंजिन आम्ही लगेच चालू करायचा हट्ट केला नाही. मिस्त्रींनी आधी डिझेल टाकी खोलून धुतली, तळाशी डांबरासारखा गाळ निघाला, फिल्टर, सगळे रबरी पाईप, ऑइल, कूलंट बदललं, हीटर प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडून एक रात्र ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हातानं फिरवून बघितलं. मग स्टार्टर. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं, आणि काका तिथे अंगणात उभे होते, ते काहीच बोलले नाहीत, नुसता बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, काकू घरातून ओरडल्या, "अहो, धूर किती तो, अंगणातली पोरं आत घ्या!" तेव्हा धूर खरंच काळाकुट्ट होता. पुण्यात आणल्यावर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून कॅलिब्रेट केले, टॅपेट सेटिंग केलं, आणि आता सकाळचं पहिलं मिनिट सोडलं तर धूर नाही. हिवाळ्यात हीटरचा लाईट विझेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, मग एका सेल्फमध्ये लागते.

पुण्याला मात्र चालवत आणली नाही, ब्रेकचा भरवसा नव्हता, फ्लॅटबेड ट्रकवर चढवून आणली. आम्ही दोघं मागून आमच्या गाडीत, कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, आणि पूर्ण वेळ माझी नजर त्या पांढऱ्या टपावर. मामाच्या नऱ्ह्याच्या गोडाऊनमागे जागा मिळाली म्हणून हे जमलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही, ग्राइंडरचा आवाज आणि पेंटचा वास शेजारी दोन दिवससुद्धा सहन करणार नाहीत.

आणि इथे आम्ही चूक केली. नवऱ्याला लाकूडकामाची भयंकर आवड, त्याला दिवाळीपर्यंत आतला पलंग तयार हवा होता, एकदा आत झोपून बघू म्हणायचा. मला छताच्या कोपऱ्यात तपकिरी ओघळ दिसत होते आणि मी म्हणत होते आधी छत, पण खरं सांगायचं तर मलाही त्या पलंगावर झोपायचं होतंच, त्यामुळे मी फार ताणलं नाही. बाहेरचं काम एका गॅरेजला दिलं, त्यांनी तीन आठवड्यांत डेंटिंग-पेंटिंग करून गाडी लखलखीत करून दिली, ३८ हजार घेतले. आम्ही आत पलंग ठोकला, कपाट ठोकलं, फोटो काढले. आणि फेब्रुवारीत डाव्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आले. नखानं उचकटलं तर रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), लांबीखाली गंज, तसाच, साधा घासलेलासुद्धा नाही. त्या रात्री आम्ही दोघं गोडाऊनच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो.

मग एका ओळखीतून पत्राकाम करणारे एक चाचा मिळाले, साठीच्या पुढचे, एसटीच्या बॉड्यांचं काम केलेले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, हातात छोटी हातोडी, टकटक करत फिरले, आणि मला म्हणाले, "ताई, इकडे या, ऐका. हा आवाज आणि हा आवाज." चांगला पत्रा टण्ण वाजतो. सडलेला किंवा लांबी भरलेला भद्द वाजतो. पाच मिनिटांत त्यांनी खडूनं १७ ठिकाणी गोल केले. आम्ही इतके महिने त्याच गाडीशी झटत होतो आणि आम्हाला त्यातले तीन माहीत होते. तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हा निदान एक लोहचुंबक खिशात ठेवा, जिथे लांबी जाड भरलीय तिथे तो चिकटतच नाही.

चाचांनी पहिली अट घातली की आतलं सगळं काढा. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी बसवलेला पलंग काढायचा. नवऱ्यानं स्वतः काढला, एकही स्क्रू न तोडता, एक शब्द न बोलता, आणि मला तेव्हा त्याच्याबद्दल फार वाटलं. त्या दिवसापासून आमचा नियम झाला की कुठलंही काम सुरू करायच्या आधी दोघांनी हो म्हणायचं, एकाला शंका असेल तर एक आठवडा थांबायचं. हा नियम वर्षभर पाळला आणि त्यानं आमचे पैसेही वाचले आणि भांडणंही.

आता पाण्याचं. गळती शोधायची पद्धत नीट सांगते कारण बहुतेक लोक टपावर पाईप सोडतात आणि आत थेंब पडला की म्हणतात सापडली. तसं सापडत नाही. खालून वर जायचं. एक जण आत टॉर्च आणि खडू घेऊन, एक जण बाहेर पाईप घेऊन. आधी फक्त दरवाजाच्या खालच्या कडा, दहा मिनिटं. मग खिडक्यांचं खालचं रबर, दहा मिनिटं. मग वरचं रबर, मग पन्हाळ, आणि सगळ्यात शेवटी टप. असं केलं की कुठल्या टप्प्याला पाणी आलं ते कळतं. आमचं निघालं कुठून तर टपावरच्या जुन्या कॅरियरच्या आठ बोल्टांच्या भोकांतून, आणि दोन खिडक्यांच्या कडक झालेल्या रबरातून. गंमत म्हणजे ओघळ दिसायचा मागच्या कोपऱ्यात आणि भोक चार फूट पुढे, कारण पाणी टपाच्या आडव्या पट्ट्यांवरून चालत चालत जिथे उतार मिळेल तिथे उतरतं. सहा वर्षं ते तसंच चालत गेलं आणि खाली मागच्या चाकाच्या कमानीत साचत राहिलं. गंजाचं सगळं मूळ तिथे.

कॅरियर काढून टाकला. भोकं पॅच लावून सीओटू वेल्डिंगनं बंद केली. सडलेला पत्रा कापून नवा लावला, दोन्ही चाकांच्या कमानी, पायरी, ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा, मागच्या दाराची खालची पट्टी. जिथे पत्रा शाबूत पण गंज वर होता तिथे वायर ब्रश मारून मग रस्ट कन्व्हर्टर, त्यातलं फॉस्फोरिक अ‍ॅसिड गंजाशी मिळून काळा कडक थर तयार करतं, पण सुटलेली खपली असेल तर ते नुसतं खपलीवर बसतं आणि खपलीबरोबरच निघून जातं, त्यामुळे घासायला पर्याय नाही. मग प्रायमर, सगळ्या सांध्यांवर सीलंट, खाली अंडरबॉडी कोटिंग. खिडक्यांची रबरं सगळी नवीन. टप पांढराच ठेवला. मला वर फिकट हिरवा हवा होता, चाचा म्हणाले, "ताई, मे महिन्यात मला आठवाल," आणि बरोबर होते ते.

पोकळ्यांमध्ये ग्लासवुल भरू नका. पाणी धरून ठेवतं आणि आतून पत्रा खातं. आम्ही एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राईल रबराची शीट लावली, ती पाणी पीत नाही आणि पत्र्याला घट्ट चिकटते. चिकटणं महत्त्वाचं, कारण दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं आणि थंडीत ते उघड्या पत्र्यावर दव होऊन बसतं. दाजीपूरला डिसेंबरात पहिल्या रात्री सकाळी उठलो तेव्हा समोरची काच आतून ओली होती पण भिंती कोरड्या, मी अंधारात हात फिरवून तपासल्या सगळ्या.

इलेक्ट्रिक माझ्याकडे होतं. मी काही इंजिनियर नाही, शिकत शिकत केलं, इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत इतक्या चकरा झाल्या की दुकानदार ताई म्हणून ओळखायला लागले. शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, वर एक ३३५ वॅटचं सोलर पॅनल, एमपीपीटी चार्जर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरतो तो). स्वच्छ उन्हात दिवसाला हजार-अकराशे वॅट-अवर येतात आणि ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज, पंखा, लाईट, फोन चार्जिंग मिळून आमचं सहाशे-सातशेत भागतं. पावसाळ्यात हे गणित पूर्ण कोसळतं, तेव्हा फ्रीज बंद किंवा गाडी पळत असताना अल्टरनेटरवरून चार्ज.

यात एक गोष्ट मला फार छळून गेली. सुरुवातीला जुनी लेड अ‍ॅसिड बॅटरी लावून ट्रायल घेत होतो आणि फ्रीज रात्री दोन-अडीचला बंद पडायचा, बॅटरी तर चांगली दाखवायची. दोन रविवार गेले. शेवटी मीटर घेऊन फ्रीजच्या टोकाला मोजलं तेव्हा कळलं. मी दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती, घरात चालते ना म्हणून, पण घरात २३० व्होल्ट असतात. इथे १२. जाऊन-येऊन १२ मीटर वायर आणि ५ अँपिअर करंट म्हटलं की पाऊण व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो, बॅटरीत १२.१ असले तरी फ्रीजला मिळतात ११.४, आणि फ्रीज म्हणतो बॅटरी संपली. सहा स्क्वेअरची टाकली, बंद पडणं बंद. १२ व्होल्टला वायर जाड, अंतर कमी, आणि प्रत्येक लाईनचा फ्यूज बॅटरीच्या जवळ. फ्यूज लांब लावला तर मधल्या वायरला वाली कोण?

गॅसबद्दल एकच पण कळकळीनं: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो. त्यामुळे सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी थेट बाहेर उघडणारं भोक हवंच, वरची खिडकी उघडी ठेवून काही होत नाही. आम्ही पाच किलोचा छोटा सिलेंडर वापरतो, कप्पा आतून पूर्ण बंद आणि खाली बाहेर उघडा, आणि झोपताना रेग्युलेटर बंद, रोज, दोघांपैकी एकानं बघून दुसऱ्याला सांगायचं.

लाकूड. भवानी पेठेतून मरीन प्लाय घेतलं, शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघून. पहिल्या पलंगाला १८ एमएम वापरलं होतं, आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते, अशा पाच-सहा टाकल्या की दोन धट्टीकट्टी माणसं कायमची मागे बसवल्यासारखं. दुसऱ्यांदा नवऱ्यानं १२ एमएम वापरून खाली काकांचीच जुनी चौकोनी पाईपची फ्रेम ठेवली. ती फ्रेम बघायला हवी तुम्ही, वीस वर्षं झाली, एक जोड हललेला नाही, प्रत्येक कोपरा घासून गोल केलेला, कारण काकूंना रात्री उठताना लागू नये.

आणि ओटा. हा किस्सा सांगायलाच हवा. काकूंचा ओटा २९ इंच उंचीचा होता, मला तो बुटका वाटला, मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते की तोडून ३४ करायचा, माझ्या उंचीला. नवऱ्याला शंका होती, म्हणजे नियमाप्रमाणे एक आठवडा थांबायचं. त्या आठवड्यात आम्ही सिंहगडाच्या पायथ्याला एक रात्र राहिलो आणि मी पहिल्यांदा आत स्वयंपाक केला, पिठलं-भात. दहा मिनिटं उभी राहिले, मग पाय भरून आले म्हणून काकूंचा लाकडी स्टूल ओढून बसले, आणि सगळं हाताशी आलं! मसाल्याचा डबा, पाण्याचा नळ, शेगडीची ज्योत डोळ्यांच्या खाली, खिडकीतून येणारा वारा चेहऱ्यावर. तो ओटा उभं राहून करायचाच नव्हता. बसून करायचा होता. मी दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं पोरी, मग? प्रवासात दिवसभर चालून आल्यावर उभं कोण राहणार?" ओटा आहे तसा ठेवला. पडदेही तेच, धुवून, दोन ठिकाणी ठिगळ लावून.

पाण्याच्या टाकीचंही तसंच, स्टीलची, तळ एका बाजूला उतरता केलेला म्हणजे शेवटचा थेंबही निघून जातो आणि टाकी कोरडी ठेवता येते. आमच्या डोक्यात हे कधीच आलं नसतं. जुनी कॅम्पर घेतली असेल तर आधीच्या माणसांनी केलेलं काही तोडायच्या आधी ते वापरून बघा, निदान एक रात्र.

खर्च. पत्रा आणि रंग मिळून १ लाख ३२ हजार (यात ते वाया गेलेले ३८ आहेत). इंजिन, ब्रेक, टायर ९४ हजार. ब्रेकला मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडरची किट आणि सगळे रबरी होज नवे टाकले, इथे एक रुपया वाचवायला गेलो नाही. इलेक्ट्रिक ८१ हजार, लाकूडकाम ५८, रेक्झिन-फोम-गादी २१, काचांची रबरं-सीलंट-इन्सुलेशन २६. म्हणजे कामाचे ४ लाख १२ हजार आणि गाडीचे धरून ५ लाख ९७. शिवाय आमची मजुरी, १४ महिन्यांचे जवळपास सगळे शनिवार-रविवार, ती धरली नाही.

आरटीओबद्दल खूप प्रश्न येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जी माहिती नोंदलेली आहे ती बदलेल असा फेरफार करायचा तर आधी मंजुरी, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नोंद. काकांच्या काळात सीटा काढून पलंग टाकला आणि कोणी विचारलं नाही, पण आरसीवर मात्र सगळ्या सीटा तशाच होत्या. खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा वर्ग आरटीओच्या यादीत आहे, आम्ही त्यासाठी अर्ज केला, फेऱ्या झाल्या, पण झालं. विमा कंपनीलाही लेखी कळवलं. हे टाळू नका, अपघात झाला आणि क्लेमच्या वेळी कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी निघाली तर सगळं अंगावर येतं. जुन्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावून घ्या.

आता चालवायला कशी आहे. नोव्हेंबर २०२४ पासून वर्षभरात ९,४०० किलोमीटर झाले. आरामात ५५-६० ला चालते, त्याच्यापुढे आवाज इतका की एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. अ‍ॅव्हरेज आमचं साडेदहाच्या आसपास. आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, उभ्या गाडीत फिरवताना खांदे भरतात, मी पहिले दोन महिने रिकाम्या मैदानात सराव केला आणि आता घाटही मीच चालवते. चिपळूणहून कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर चढलो, वीसच्या स्पीडनं, मागे लाईन लागली की जागा बघून बाजूला घ्यायचं आणि सोडायचं सगळ्यांना. इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. उतरताना मात्र ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, जड गाडी आहे, ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून पायाखाली काही राहत नाही.

सगळ्यात सुंदर रात्र कोकणातल्या वेळासची. मार्चमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला गेलो होतो, गावात घरगुती जेवण, गावातल्याच एका काकांच्या अंगणात त्यांना विचारून गाडी लावली, मागचं दार उघडं टाकून झोपलो. पहाटे किनाऱ्यावर गेलो, ऑलिव्ह रिडलेची ती तळहाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं वाळूवरून एकेक करत पाण्याकडे निघालेली, नवऱ्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. परत येऊन काकूंच्या ओट्यावर चहा केला. त्या सकाळसाठी मी परत चौदा महिने गंज घासेन, खरंच घासेन.

कोणी घ्यावी? ज्यांच्याकडे काम करायला झाकलेली जागा आहे, हाताशी चांगला पत्रेवाला आहे, आणि दोघांनाही मनापासून हवी आहे. एकाचीच हौस असेल तर नका घेऊ, सहाव्या-सातव्या महिन्यात गाडी नुसती पत्रा आणि धूळ असते आणि तेव्हा दुसरा माणूस ब्रश उचलणारा लागतो. घाईत मुंबई-गोवा गाठायचं असेल तर ही गाडी नाही. संडास आत नाही, आम्ही जागा बघूनच मुक्काम करतो, ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधीच विचार करा. घेतलीच तर पावसाळ्यात बघायला जा, उन्हाळ्यात सगळ्या गाड्या कोरड्या असतात. फ्लोअरचं मॅट उचलून बघा, मालक नको म्हणाला तर उठून या.

मार्क द्यायचेच तर इंजिनला पाचात पाच, पत्र्याला आता चार, आवाजाला दोन, काका-काकूंच्या मूळ कामाला मी मार्क देणारी कोण?

आणि हो, या पावसाळ्यात सगळं कोरडं राहिलं, फक्त मागच्या डाव्या पन्हाळीत एक थेंब अजून येतो, जोरदार पाऊस आणि गाडी उतारावर उभी असेल तरच. चाचांना दाखवलाय, ते म्हणाले दोन दिवस उन्हात गाडी ठेवा, मग तो सांधा उघडू. पुढच्या शनिवारी नऱ्ह्याला नेतोय. तोवर तिथे खाली काकूंचं जुनं पितळी भगुणं ठेवलंय.